छाट

निपाणीतल्या आमच्या घरी दुपारी तीनच्या सुमाराला कात्रीचा आवाज थांबतो. भिजवलेली तेंदूची पानं पत्र्याच्या मापानं कापून झालेली असतात. आईच्या मांडीवर सूप येतं, सुपात एका बाजूला पानं, दुसऱ्या बाजूला तंबाखू, आणि तिथून पुढे दिवेलागणीपर्यंत फक्त बोटं चालतात. बोलायचं असेल तर हीच वेळ. आईचे डोळे सुपात असतात, कान मोकळे असतात.

गेल्या मे महिन्यात अशाच एका दुपारी मी तिच्यासमोर लॅपटॉप उघडून बसले होते. भाची माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती. तिचा दुसऱ्या पीयूसीचा, म्हणजे बारावीचा, निकाल लागला होता आणि आठ दिवस घरात दुसरा विषय नव्हता. दादा कागलच्या एमआयडीसीत पाळीवर जाताना रोज उंबऱ्यात थांबून तेच विचारायचा, "खर्च किती, आणि पोरगी सुटल्यावर मिळवणार किती, तेवढं सांग मला. बाकीचं तुमचं तुम्ही बघा."

हा प्रश्न आमच्याकडे चारचौघांत विचारत नाहीत. शिक्षणाला पैशात तोलणं बरं दिसत नाही असं मास्तरांनी शिकवलेलं. म्हणून तो स्वयंपाकघरात, दिवा मालवल्यावर, हळू आवाजात विचारला जातो आणि त्याचं उत्तरही अंदाजानंच मिळतं. कुणाच्या तरी जावेचा मुलगा बेंगळुरात लागला, त्याला म्हणे एवढे मिळतात. एवढ्या 'म्हणे'वर घरं कर्ज काढतात. मला वाटतं, हा प्रश्न मोठ्यानं विचारायला हवा, उजेडात, कागदावर. दादाचा प्रश्न मला कधीच हलका वाटला नाही. ज्याच्या हातात मोजके पैसे आहेत त्याला तो विचारावाच लागतो.

मी बेळगावात एका खासगी ऑफिसात आकड्यांचं काम करते. २०२० साली सगळं बंद होतं तेव्हा, हाताला वेळ होता म्हणून, मी टॅब्लो शिकले. स्टॅनफर्ड विद्यापीठात पॅट हॅनराहन आणि क्रिस स्टोल्ट यांनी केलेल्या संशोधनातून हे सॉफ्टवेअर निघालं. कंपनी २००३ ची, आणि फुकट वापरायची 'टॅब्लो पब्लिक' ही आवृत्ती २०१० पासूनची. आकड्यांचा तक्ता आत घातला की रकान्यांची नावं डावीकडे येतात. ज्यांनी वर्गवारी होते ती नावं निळी, जी मोजायची ती हिरवी. नाव उचलायचं आणि आडव्या किंवा उभ्या फळीवर नेऊन ठेवायचं, चित्र उमटतं. पुन्हा उचलायचं, दुसरीकडे ठेवायचं, दुसरं चित्र. गव्हल्यासारखं हाताला वळण लागतं.

सरावाला मी घेतला तो तक्ता अमेरिकेचा. तिथल्या शिक्षण खात्यानं सप्टेंबर २०१५ मध्ये 'कॉलेज स्कोअरकार्ड' खुलं केलं. कॉलेजागणिक एक ओळ, आणि त्या ओळीत वर्षाचा खर्च, मुलांच्या डोक्यावरचं कर्ज, आणि कॉलेजात पाऊल ठेवल्यापासून दहा वर्षांनी ती मुलं काय कमावतात तो आकडा. हा आकडा कॉलेजानं सांगितलेला नसतो, तो कराच्या सरकारी नोंदींतून काढलेला असतो. आपल्याकडे असं काही असतं तर, असा विचार मी त्या रात्री कितीदा केला. पंचाहत्तर-ऐंशी किलोमीटरवर आई बिड्या वळत बसलेली आणि मी बेळगावच्या खोलीत कुठल्याशा आयोवातल्या कॉलेजाचा खर्च बघतेय, हे विचित्र होतं खरं. पण कमाईचा हिशेब असा उघड मांडलेला मी त्याआधी कधी पाहिला नव्हता.

पहिली चूक सगळ्यांची होते ती माझीही झाली. कमाईचा रकाना उचलून उभ्या फळीवर ठेवला आणि एकच प्रचंड खांब उभा राहिला. टॅब्लोला काही सांगितलं नाही तर तो आधी बेरीज करतो. सगळ्या कॉलेजांच्या कमाईची बेरीज! तिला काडीचा अर्थ नाही. मग ती सरासरी केली. मग सरासरीतही ठेच लागली, कारण दोनचार श्रीमंत कॉलेजं सगळ्यांना वर ओढतात. मग मध्यक. शाळेत मध्यक काढताना आकडे चढत्या क्रमानं मांडून मधला उचलायचो, तेव्हा ते नुसतं गणित होतं. इथं कळलं, मधला माणूस कुठे उभा आहे हे बघायचं असेल तर मध्यक, आणि सगळ्यात उंच माणसाच्या सावलीत सगळ्यांना उभं करायचं असेल तर सरासरी. बेळगावच्या रस्त्यावर उन्हाळ्यात लागणाऱ्या कॉलेजांच्या फलकांवर तर सरासरीही नसते. तिथं 'सर्वाधिक पॅकेज' असतं, एका मुलाचं. त्या एका मुलाचा फोटो बघून किती आईबापांनी गळ्यातलं मोडलं असेल.

शेवटी आडव्या अक्षावर खर्च, उभ्यावर कमाई, आणि कॉलेजाचं नाव आत सोडलं तेव्हा तो ढग उमटला. प्रत्येक ठिपका एक कॉलेज. कर्सर नेला की नाव उघडतं. हा ढग मी तासन्‌तास बघितला आहे. बी.एस्सी.ला आम्हाला फ्रान्सिस ॲन्स्कोम्बचं १९७३ सालचं उदाहरण होतं. चार तक्ते, प्रत्येकात ११ बिंदू, चारही तक्त्यांत एका बाजूची सरासरी ९ आणि दुसरीची ७.५, सहसंबंधही जवळजवळ तोच. पण काढून बघा, एक तिरकी रांग, एक कमान, एकात एकच बिंदू सगळं बिघडवणारा. आकडे सारखे आणि चित्रं चार. परीक्षेत ते मी लिहिलं आणि मार्क घेतले, पण डोळ्यांना पटलं ते या ढगापाशी.

ढगात रेघ ओढता येते. टॅब्लो स्वतः ओढून देतो आणि ती किती विश्वासाची तेही सांगतो. रेघ वर जाते, म्हणजे महाग कॉलेजातली मुलं साधारणपणे जास्त कमावतात. इथंच कुणीतरी म्हणेल, झालं, महाग तेच चांगलं. पण रेघेखाली ठिपक्यांची केवढी गर्दी, महाग आणि तरी कमाई खालीच. आणि रेघेच्या वर डावीकडे काही ठिपके, स्वस्त आणि तरी उंच. शिवाय महाग कॉलेजात जाणारं पोर मुळात कुठल्या घरातून येतं, त्याच्या बापाच्या ओळखी काय, हे त्या रेघेत मिसळलेलं असतंच. कॉलेजामुळे कमाई वाढली की वाढणाऱ्यांनाच त्या कॉलेजानं घेतलं, हे रेघ सांगत नाही. २०१९ पासून तर तिथं कॉलेजाच्या आत विषयागणिक आकडेही मिळू लागले आणि दिसलं की एकाच आवारात शिकलेल्या दोन मुलांच्या कमाईत जमीन-अस्मानाचं अंतर पडतं, नुसत्या विषयामुळे.

आणि मग तो कोपरा.

तक्ता आणला तेव्हा कमाईच्या रकान्यावर आकड्याची खूण यायला हवी होती, तिथं अक्षरांची खूण आली होती. आत बघितलं तर काही खान्यांत आकड्याऐवजी शब्द होते, 'प्रायव्हसी सप्रेस्ड'. मुलं फार थोडी असली तर आकड्यावरून माणूस ओळखू येईल, म्हणून तो झाकून ठेवलेला. एवढे शब्द सापडले की टॅब्लो सबंध रकानाच मजकूर समजतो. रकान्याला आकडा व्हायला सांगितलं की ते शब्द गळून पडतात आणि तिथं 'नल' होतं. नल म्हणजे शून्य नव्हे. नल म्हणजे काही नाही, आकडाच नाही. आणि मग चित्राच्या खाली उजव्या कोपऱ्यात बारीक राखाडी अक्षरांत येतं, इतके इतके नल. चित्र एवढं मोठं, रंगीत, आणि जे चित्रात आलेच नाहीत त्यांची गणती तेवढी नखाएवढी.

त्या दुपारी भाचीनं नेमकं तिथंच बोट ठेवलं. "आत्ती, हे खाली काय आहे?"

मी सांगितलं, ज्यांचा आकडा नाही अशा ओळी. त्यावर क्लिक केलं की सॉफ्टवेअर विचारतं, यांना गाळून टाकू, की शून्यावर नेऊन ठेवू?

आईनं मान वर न करता म्हटलं, "म्हंजे छाट काढली म्हण की."

मी इतकी वर्षं हे काम करते. फिल्टर या शब्दाचं मराठी मी गाळणी, चाळणी असं काय काय करून पाहिलं होतं. हा शब्द घरात होता आणि मला सुचला नव्हता.

छाट म्हणजे काय ते निपाणीबाहेरच्यांना सांगायला हवं. वळलेल्या बिड्यांचे पंचवीस-पंचवीसचे कट्टे बांधून बाई कारखान्यात घेऊन जाते. तिथं तपासणारा बसलेला असतो. कट्टा हातात घेऊन तो बघतो, तोंड नीट मुडपलंय का, पोट फुगलंय का, पान फाटकं आहे का. जी पसंत नाही ती बाजूला टाकतो. ती छाट. छाटीची मजुरी मिळत नाही. पान भिजवलं, कापलं, तंबाखू भरली, दोरा बांधला, हे सगळं झालेलं असतं. कार्डावर मात्र छाट वजा जाऊनच आकडा चढतो. महिन्याच्या शेवटी कार्ड बघणाऱ्याला वाटतं, बाईनं एवढंच काम केलं.

मग मी त्या अमेरिकन रकान्याचं पूर्ण नाव भाचीला वाचून दाखवलं. सगळ्यांची कमाई असं ते नाव नाही. 'काम करत असलेल्या आणि शिकत नसलेल्या' विद्यार्थ्यांची कमाई असं आहे. आणि तेही ज्यांनी सरकारी मदत घेतली होती त्यांच्यापुरतीच. म्हणजे त्या वर्षी ज्याला काम नव्हतं, जी तान्हं मूल घेऊन घरी होती, जो आजारी बापाजवळ बसून होता, ते मध्यक काढायच्या आधीच बाजूला झाले. लबाडी नाही त्यात. त्यांनी ते स्पष्ट लिहून ठेवलंय, वाचणाऱ्यानं वाचायचं. पण ढगातला प्रत्येक ठिपका छाट काढून उरलेल्या कट्ट्याचा आहे.

आणि त्या मापानं माझी ओळ कुठे लागते हे मी कधी कुणाला बोलले नव्हते. त्या दुपारी बोलले.

मी २००५ साली कोल्हापुरात बी.एस्सी.ला गेले. संख्याशास्त्र. निपाणीहून कोल्हापूर ४० किलोमीटर, रोजचं जाणं-येणं. माझा पास एसटीचा, म्हणून कर्नाटकची गाडी आधी आली तरी सोडून द्यायची आणि थांबायचं. कोगनोळी नाक्यावर गाडी रेंगाळली की पहिला तास बुडायचा. २००८ ला पहिल्या वर्गात सुटले. पुढच्या वर्षी बाबा गेले. ते तंबाखूच्या वखारीत हमाली करत. दादाचं नुकतं लग्न झालेलं, आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. मी सूप मांडीवर घेतलं. दोनचार महिने, असं ठरलं होतं. २००९ ते २०१५, सात वर्षं झाली. माझ्या नावाचं कार्ड कधी काढलंच नाही, कारण मी तर जाणारच होते. माझ्या बिड्या आईच्या कार्डावर चढायच्या.

कॉलेजात पाऊल ठेवल्यापासून दहा वर्षांनी, म्हणजे २०१५ साली, मी घरात बसून तेंदूची पानं कापत होते. कुठल्याही नोंदीत माझा आकडा नव्हता. अमेरिकेनं तो तक्ता खुला केला ते साल तेच, हे मला फार नंतर लक्षात आलं आणि ती रात्र मला झोप लागली नाही. मी गाळून टाकण्यासारखी ओळ होते का? की शून्यावर नेऊन ठेवण्यासारखी? मी बिड्या वळत होते. त्या बिड्यांवर घर चाललं. शून्य नव्हतं ते. आणि गाळून टाकलं तर माझ्या वर्गातल्या मुलींचं चित्र छान दिसलं असतं. शाळेत लागल्या त्या चौघी, बँकेत लागली ती एक, त्यांचा मध्यक निघाला असता, आणि पुढच्या वर्षी एखाद्या बापाला कुणी सांगितलं असतं, या कोर्सला एवढे मिळतात.

भाची गप्प झाली. वहिनीही आतून येऊन दाराशी उभी राहिली होती. आई वळत होती.

मग आम्ही आपल्याकडचे तक्ते काढले. आपल्याकडे कराच्या नोंदींतून असं काही निघत नाही, पण एनआयआरएफ आहे. केंद्र सरकारची ही कॉलेजांची क्रमवारी पहिल्यांदा २०१६ साली आली. क्रमवारीचा नंबर मी फारसा बघत नाही. त्यासाठी कॉलेजांना जो तक्ता भरून द्यावा लागतो आणि लोकांसमोर ठेवावा लागतो, तो खरा कामाचा. त्यात अमुक वर्षी किती मुलं घेतली, ठरलेल्या वर्षांत किती पास होऊन बाहेर पडली, किती नोकरीला लागली, त्यांच्या पगाराचा मध्यक किती, आणि किती पुढच्या शिक्षणाला गेली, असे रकाने असतात. आकडे कॉलेजानं स्वतः भरलेले, हे लक्षात ठेवायचं. आणि पगाराचा मध्यक हा फक्त लागलेल्यांचा. भाचीला मी एवढंच करायला सांगितलं, मध्यकावर नजर जायच्या आधी एक वजाबाकी कर. घेतलेल्या मुलांतून लागलेली वजा कर, पुढं शिकायला गेलेली वजा कर. उरलेली कुठे आहेत? तो आकडा तक्त्यात कुठेच छापलेला नसतो. तो आपल्याला काढावा लागतो. तिनं नवा रकाना केला आणि त्याला नाव दिलं 'छाट'. टॅब्लोला देवनागरी चालतं. तो रकाना तिनं लाल केला.

चित्र बदललं. पगारात वरचढ दिसणाऱ्या एका कॉलेजाचा ठिपका लालभडक झाला आणि मधल्या उंचीवरचा एक साधा ठिपका जवळजवळ पांढरा. ती बराच वेळ त्या पांढऱ्या ठिपक्याकडे बघत होती.

खर्चाच्या बाजूला तर याहून जास्त काम निघालं. अमेरिकेच्या तक्त्यात खर्चाचे दोन रकाने वेगळे असतात, छापील खर्च आणि मदत वजा जाऊन घरच्यांना खरोखर पडणारा. आणि तो दुसरा घरच्या उत्पन्नानुसार पाच टप्प्यांत, वर्षाला ३०,००० डॉलरच्या आतल्या घरापासून १,१०,००० च्या वरच्या घरापर्यंत. ही मांडणी मला फार आवडते. हार्वर्ड, प्रिन्स्टन, स्टॅनफर्ड यांची छापील फी बघून छाती दडपते, पण सगळ्यात खालच्या टप्प्यातल्या घराला ती कितीतरी अनोळखी कॉलेजांपेक्षा स्वस्त पडतात. गरिबाला हे कुणी सांगितलं नाही तर तो अर्जच करत नाही. छापील आकडा बघून दारातूनच परततो.

आमच्या दारातही तसंच असतं. आणि सीमाभागात तर एकाच पोरीच्या दोन ओळी होतात. ती कर्नाटकात शिकली, कर्नाटकची सीईटी दिली, तर कर्नाटक परीक्षा प्राधिकरणाच्या फेऱ्यांतून बेळगावात सरकारी कोट्याची जागा मिळू शकते. तीच पोरगी, मातृभाषा मराठी, घर वादग्रस्त ८६५ गावांत, म्हणून महाराष्ट्राच्या सीईटीतून सीमाभागाच्या जागेवर कोल्हापूर, सांगली, पुणे कुठेही अर्ज करू शकते. या जागा कितीतरी घरांना ठाऊक नसतात. दादाला नव्हत्या. महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, घरातल्या मोठ्यांनी मोर्चे बघितले, लाठ्या खाल्ल्या, पण त्या दाव्यातून पोरीच्या हाताला लागेल असं जे आहे त्याची तारीख निघून जाते. मला याचा राग येतो. १ नोव्हेंबरला काळा दिवस पाळणाऱ्या प्रत्येक गावात जूनमध्ये एक माणूस बसवावा, पोरांना हे दोन्ही अर्ज भरून देणारा.

कर्नाटकचे फीचे आदेश कानडीत येतात. भाची कानडी घडाघडा वाचते. मी अक्षर लावून वाचते आणि दादाला 'रूपायी' एवढंच ओळखू येतं. तिनं वाचायचं, मी भरायचं, असं करत आम्ही रकाने केले. फी. हॉस्टेल. हॉस्टेल नको तर रोजचा प्रवास. पुस्तकं. मग वजा बाजूला वहिनीचं बिडी कामगार कार्ड. बिडी कामगारांच्या कल्याण निधीचा कायदा १९७६ चा आहे आणि त्या कल्याण योजनेतून कामगारांच्या मुलांना शिष्यवृत्ती मिळते. मलाही ती आईच्या कार्डावर मिळाली होती आणि एका वर्षीचा पास तिच्यातून निघाला होता. वहिनीचं कार्ड ट्रंकेत तळाशी होतं. तिनं ते फडक्यानं पुसून भाचीच्या हातात दिलं.

एक अडचण आली ती सांगतेच. वेगवेगळ्या वर्षांचे, वेगवेगळ्या ठिकाणचे तक्ते जोडले तेव्हा आमचं शहर तीन ठिकाणी आलं. जुन्या ओळींत बेलगाम, १ नोव्हेंबर २०१४ नंतरच्या ओळींत बेळगावी, आणि मी स्वतः भरलेल्या ओळींत बेळगाव. सॉफ्टवेअरला ही तीन वेगळी गावं. तिन्ही नावं निवडायची आणि कागद जोडायच्या टाचणीचं चिन्ह दाबायचं की ती एक होतात. नाव आपोआप तिन्हींचं सलग होतं, ते बदलायला घेतलं. बारीक चौकट, कर्सर लुकलुकतोय. माझी बोटं थांबली. बाबा हमाली करून आल्यावर ज्या नावासाठी सभेला जाऊन बसायचे ते नाव मी लिहिलं. भाचीच्या सगळ्या कागदांवर बेळगावी आहे, तिच्या मैत्रिणी कानडी आहेत आणि जिवाला जीव देणाऱ्या आहेत. तिनं माझ्याकडे बघितलं, काही बोलली नाही, आणि खाली ओळीचं मूळ नाव जसं होतं तसं राहू दिलं. वर एक नाव, आत तिन्ही.

दुपार कलली. दादा पाळीवरून यायचा होता. त्याला लॅपटॉपवर दाखवून पटणार नाही, असं भाचीचं म्हणणं. शिवाय मी शिकले तेव्हा टॅब्लो पब्लिकवर काम जपून ठेवायचं तर ते सगळ्या जगाला दिसणाऱ्या पानावरच जायचं, आणि घरचे आकडे तिथं चढवायचं माझ्या मनात कधीच आलं नव्हतं. तिनं दप्तरातून दहावीचा आलेख कागद काढला. विल्यम प्लेफेअरनं १७८६ साली इंग्लंडच्या आयात-निर्यातीच्या रेघा काढल्या, त्यालाही यापेक्षा जास्त काही लागलं नव्हतं.

"आत्ती, आधी तुझा काढते. बाबांना तुझा माहीत आहे, म्हणजे माझा कळेल."

आडव्या अक्षावर वर्षं, २००५ पासून. उभ्या अक्षावर काय घ्यायचं यावर अडलो. वीस वर्षांत रुपयाची किंमत केवढी बदलली. आईच म्हणाली, "बिड्या धर की." तिच्या हिशेबात माझं पहिलं वर्ष म्हणजे साडेचार महिन्यांच्या बिड्या. फी, पास, पुस्तकं, एक चप्पल. दुसरं वर्ष चार, शिष्यवृत्ती आली म्हणून. तिसरं पाच. हे तिला तोंडपाठ होतं. मला नव्हतं. भाचीनं तीन लाल ठिपके ठेवले. मग २०१६ पासून माझा पगार त्याच मापात, निळे ठिपके, हळूहळू चढणारे. पहिल्या दोनतीन ठिपक्यांतच लाल ठिपक्यांच्या वर गेले ते पाहून वहिनी हसली.

मधे सात वर्षं मोकळी राहिली. भाचीची पेन्सिल कागदावर तिथं अडली. "इथं काय लावू? शून्य?"

आईनं सूप मांडीवरून खाली ठेवलं. पदराला बोटं पुसली आणि पेन्सिल मागून घेतली.

"शून्य कशाला? ही डावरी. हिच्या बिड्या उलट्या वळणाच्या. येगळ्या कळायच्या."

मला ठाऊक नव्हतं. रोज रात्री कट्टे एकत्र बांधायच्या आधी ती माझ्या बिड्या वेगळ्या मोजत होती. पहिल्या वर्षी दिवसाला तीनशे. दुसऱ्या वर्षी साडेचारशे, हात बसायला लागला म्हणून. मग सहाशे. मग सातशे, आणि शेवटपर्यंत सातशे. ती बोलत होती आणि कागदावरचे चौकोन मोजत एकेक ठिपका ठेवत होती, चौथीपर्यंत शिकलेल्या हातानं, पेन्सिल दाबून. कागदाला मागून उठाव येत होते.

सातवा ठिपका ठेवायच्या आधी ती थांबली.

"ह्यातली छाट वजा करायची का ग?"

"नको आज्जी," भाची म्हणाली. "वळलेल्या सगळ्या घे."